थळ, तान आणि पाडा

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलमध्ये नावं एका ओळीत ऐकू येतात : शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी, कसारा. रोज ये-जा करणाऱ्याला ही ओळ पाठ असते. पण तिच्यातली नावं एका दिवशी, एका हातानं किंवा एकाच कामासाठी लिहिली गेलेली नाहीत. काही नावं झाडांवरून आली, काही जमिनीच्या चढउतारावरून. काहींचा अर्थ आता त्या गावातही कुणाला विचारून कळत नाही. शहापूर तालुक्यातल्या या लहान रेल्वेगावांचा इतिहास वाचायचा तर मोठ्या लढायांपासून सुरुवात करून उपयोग नाही. रेल्वेची जुनी कोष्टकं, महसुली दफ्तरं, भूमापनाचे नकाशे आणि लोकांचं बोलणं एकमेकांशेजारी ठेवावं लागतं. जिथे ही चार जुळत नाहीत तिथेच सांगण्यासारखं बहुधा काही सापडतं.

आधी तारखा. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली. वासिंदपर्यंतचा मार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी उघडला, आसनगावपर्यंतचा ६ फेब्रुवारी १८६० रोजी, कसाऱ्यापर्यंतचा १ जानेवारी १८६१ रोजी. पुढचा घाट चढून इगतपुरी गाठायला १ जानेवारी १८६५ उजाडला. या तारखांमधली अंतरं बघा. वासिंद चार वर्षं चार महिने या दिशेचं शेवटचं ठाणं होतं. १८५७चा उठाव उत्तरेत पेटला तेव्हा मुंबईहून नाशिककडे आणि खानदेशाकडे जाणाऱ्यासाठी रूळ वासिंदला संपत होते; पुढे बैलगाडी, घोडा, नाहीतर पाय. आसनगावाला शेवटच्या ठाण्याचा मान जेमतेम अकरा महिने मिळाला. कसाऱ्याला तो पुरी चार वर्षं मिळाला, आणि लोकलपुरता आजही त्याच्याचकडे आहे. मुंबईकराच्या तोंडी ‘कसारा’ हे गाव आहे त्याहून जास्त एका गाडीचं नाव आहे. शेवटचं ठाणं असण्याचा काळ सरला की गाव ओसरतं किंवा नवा धंदा शोधतं. कसाऱ्याला घाटानंच धंदा दिला : चढावर गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं इथे जोडली जातात. सदतीस फुटांना एक फूट अशा चढाचा घाट पुढे उभा असल्यामुळेच गाव नकाशावर ठळक राहिलं.

या घाटाचं रेल्वेतलं नाव थळ घाट. जुन्या इंग्रजी कागदांत ते असं लिहिलेलं सापडतं की आजचा वाचक त्याचा उच्चार ‘थुल्ल’ करील. चूक लिहिणाऱ्याची नव्हती. त्या पिढीतले इंग्रज ‘अ’साठी रोमन ‘यू’ वापरत, तसाच जसा ‘पंजाब’च्या रोमन लेखनात अजून टिकून आहे, आणि ‘उ’साठी दोन ‘ओ’ जोडत, जसा पुण्याच्या जुन्या स्पेलिंगात होता. १८७०च्या दशकात हंटर यांची लिप्यंतराची पद्धत सरकारी झाली आणि १८८२ साली जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, तेव्हा दीर्घ ‘आ’वर तिरकी रेघ देऊन नावं नीट लिहिली गेली. रेल्वेनं मात्र आपली जुनी सवय पुष्कळ ठिकाणी सोडली नाही. उंबरमाळीच्या रोमन पाटीवर आजही सुरुवातीला दोन ‘ओ’ आहेत. स्टेशन म्हणून उंबरमाळीची ओळख अलीकडची, लिहिण्याची तऱ्हा मात्र थेट राणीच्या राज्यातली. स्पेलिंगची घराणी ओळखता आली की तारीख नसलेल्या नकाशाचाही काळ ढोबळमानानं सांगता येतो, म्हणून हे जपून ठेवावं असं मला वाटतं.

‘थळ’ शब्दाची वाट सरळ आहे. संस्कृत ‘स्थल’मधला आरंभीचा स गळाला, दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ झाला; जसं फलचं फळ, बलचं बळ, कालचा काळ. पण मराठीत थळ म्हणजे नुसती ‘जागा’ नव्हे. देशावरच्या जुन्या महसुली दफ्तरांत थळ म्हणजे एका कुळाची वंशपरंपरेची जमीन, थळकरी म्हणजे तिचा मिरासदार धनी, आणि गावातल्या अशा जमिनींची मोजदाद म्हणजे थळझाडा. कसणाऱ्याचा हक्क किती खोल आहे हे सांगणारा हा शब्द. त्याच्याविरुद्ध ‘उपरी’, म्हणजे वरून येऊन कसणारा. जमीन आणि माणूस यांचं नातं एकेका शब्दात सांगणारी ही भाषा आपण दफ्तरखान्यात ठेवून आलो, याची हळहळ वाटते. थळ नावाची गावंही एकापेक्षा जास्त आहेत. अलिबागजवळचं, खांदेरी-उंदेरीसमोरचं थळ वेगळं. जुन्या कागदात नुसतं ‘थळ’ दिसलं की समुद्र वाचायचा की घाट, हे आजूबाजूच्या नावांवरून ठरवावं लागतं. माहुलीचंही तेच : शहापूरजवळचा किल्ला माहुली, जिथे १६३६ साली निजामशाहीचा शेवटचा बालराजा मुर्तजा याला घेऊन शहाजीराजे वेढ्यात सापडले, आणि साताऱ्याजवळचं कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचं माहुली.

आणि ‘घाट’? उत्तरेत घाट म्हणजे नदीला उतरणाऱ्या पायऱ्या. मराठी माणसाला घाट म्हटलं की आधी डोंगरातली वाट आठवते. युरोपीय प्रवाशांनी किनाऱ्यावरून वर चढताना हा शब्द इतक्यांदा ऐकला की वाटेचं नाव त्यांनी सगळ्या डोंगररांगेला देऊन टाकलं. सह्याद्रीचे ‘वेस्टर्न घाट्स’ झाले ते असे.

स्टेशनांच्या नावांकडे परत येऊ. यांत सगळ्यात निश्चित आहेत ती ‘वली’ची नावं. आंबिवली, खडवली, रुळापासून आत असलेली किन्हवली, कल्याणच्या अलीकडची डोंबिवली : या साऱ्यांच्या शेवटी ‘पल्ली’ आहे, म्हणजे लहान वस्ती. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणं हा प्राकृताचा नेम. आंबिवली म्हणजे आंब्याची वस्ती, खडवलीत खडक असावा. उंबरमाळी स्वतःच बोलते : उंबर आणि माळ. खर्डी आणि टिटवाळा यांच्यावर मी इथे थांबत नाही. नुसत्या ध्वनीवरून काहीही सुचतं आणि काहीही टिकत नाही.

आसनगाव मात्र अडवून ठेवतं. ‘आसन’ ऐकून देवाचं किंवा राजाचं बसणं सुचतं, आणि कुणीतरी पांडव इथे टेकले होते असं लगेच सांगितलं जातं. पण या जंगलाच्या मुलखात झाड आधी विचारात घ्यावं. संस्कृतात ‘असन’ हे वृक्षाचं नाव आहे. गंमत अशी की ते एकाच झाडाला चिकटून राहिलं नाही. वैद्यकाच्या ग्रंथांत असन म्हणजे बहुधा बिबळा, ज्याचं लाल पाणी औषधात येतं. हिंदी पट्ट्यात आसन म्हणतात ते आपल्या ऐनाच्या झाडाला, ज्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळते. मराठीतला आसाणा हा तिसराच वृक्ष, खोडावर काटे असलेला, लाकडाला चिवट. ही तिन्ही झाडं शहापूरच्या रानात होतात. तेव्हा आसनगावाचं नाव झाडावरून पडलं असेल, असं म्हणणं मला सयुक्तिक वाटतं. झाड कोणतं, हे जुन्या कागदापेक्षा तिथल्या ठाकूर-कातकऱ्यांची वृक्षनावं चांगलं सांगतील. वनस्पतिशास्त्रज्ञ आणि शब्दांचा अभ्यासक यांनी एकत्र जंगलात जावं असे प्रसंग असतात. हा त्यातला एक.

आसनगाव वाढलं ते शहापूरमुळे. तालुक्याचं ठिकाण मुंबई-आग्रा रस्त्यावर, आणि रूळ त्याला किंचित बगल देऊन गेले. कचेरी, बाजार आणि कोर्ट शहापुरात, तर फलाट आसनगावात. नाशिकसारखं मोठं शहर असतं तर ‘शहापूर रोड’ अशी पाटी लागली असती आणि खेड्याचं नाव पुसलं गेलं असतं. इथे खेड्याचं नाव राहिलं आणि आता शहापूरला जायचं म्हणणारा माणूस तिकीट आसनगावचं मागतो. ‘फलाट’ हा शब्दही असाच आपल्या जिभेनं घडवलेला : ‘प्लॅटफॉर्म’मधलं जोडाक्षर सोडवून, शेपूट कापून, तो मराठी नामांच्या रांगेत बसवला. ‘सांधा’ मात्र आपण बाहेरून घेतलाच नाही. रूळ बदलायच्या यंत्राला हाडांचा आणि लाकडाचा जुना शब्द लावला, आणि तो बदलणारा सांधेवाला झाला. रेल्वेतला ‘खलाशी’ समुद्रावरून आला. दोरखंड, कप्पी आणि जड ओझी यांची सवय असलेली दर्यावर्दी माणसं इंजिनं आणि गर्डर हलवायला लागली आणि जहाजावरचा हुद्दा डोंगराच्या पायथ्याशी पोचला.

कसाऱ्याबद्दल दोन वाटा समोर येतात. एक ‘कासार’, तांब्यापितळेचं काम करणारा. दुसरी संस्कृत ‘कासार’, म्हणजे तळं. दोन्ही शब्द खरे, दोन्हींचा ध्वनी जवळचा, आणि म्हणूनच दोन्हींपासून सावध राहावं. दोन्हीकडे पहिला ‘का’ दीर्घ आहे, गावाच्या नावात तो ऱ्हस्व. हा फरक किरकोळ म्हणून सोडून देणारे लोक गावागावांच्या व्युत्पत्त्या सकाळच्या चहाबरोबर तयार करतात. वि. का. राजवाड्यांच्या काही व्युत्पत्ती आज टिकत नाहीत, पण त्यांनी एक गोष्ट शिकवली : नाव आधी जुन्या कागदात धरा. उत्तर कोकणासाठी त्यांनी १९२४ साली छापलेली ‘महिकावतीची बखर’ अजून हाताशी ठेवण्यासारखी आहे, कारण तिच्यात गावांच्या नावांची रेलचेल आहे आणि प्रस्तावनेत या भागातल्या कोळी, वारली, कातकरी, ठाकूर यांच्याविषयी राजवाडे तळमळीनं लिहितात.

आता तानसा. आटगावला उतरून तलावाकडे जाता येतं. तानसा ही आधी नदी. शहापूरच्या डोंगरांतून निघून ती पश्चिमेला वाहते, वज्रेश्वरी आणि गणेशपुरीच्या गरम कुंडांशेजारून जाते आणि वैतरणेला मिळते. विहार आणि तुळशीचं पाणी मुंबईला पुरेना, तेव्हा मेजर टुलक यांनी सुचवलेल्या जागी दगडी धरण बांधलं गेलं आणि १८९२ साली तानसाचं पाणी मुंबईला पोचलं. सुमारे शंभर किलोमीटर दूरचं हे पाणी उतारानं, आपल्या वजनानं वाहत जातं. पुढे वैतरणेवर धरण झालं, त्याला महापालिकेचे अभियंता मोडक यांच्यावरून मोडक सागर म्हणतात. मग अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. तानसा, मोडक सागर आणि भातसा ही तिन्ही शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि हे दरवर्षीचं आहे.

बोलीत ‘तहान’चा उच्चार ‘तान’ होतो. ‘तान लागली’ हे वाक्य शहापूर-मुरबाडमध्ये कुठेही ऐकू येतं. त्यामुळे तानसा म्हणजे तान भागवणारी, असं म्हणण्याचा मोह कुणालाही होईल. नाव मात्र धरणाच्या आधीचं, नदीचं आहे. मुंबईची तहान त्याच्यात घालणं म्हणजे गंगेचं नाव हरिद्वारच्या स्टेशनावरून पडलं म्हणण्यासारखं आहे.

त्यापेक्षा शेजारी बघावं. याच तालुक्यात दुसरी मोठी नदी भातसा. दोन नद्या, दोन्हींचा शेवट ‘सा’. एक तिकडे वैतरणेला मिळते, दुसरी इकडे उल्हासच्या खोऱ्यात उतरते, पण नावांचं शेपूट सारखं. असं जोडीनं आलं की ‘सा’ हा प्रत्यय किंवा झिजलेलं उत्तरपद असावं आणि ‘तान’ व ‘भात’ ही पूर्वपदं, असा तर्क करता येतो. त्याला बळ देणारं तिसरं नाव रुळावरच आहे : तानशेत. ‘शेत’ हे ‘क्षेत्र’चं रूप, त्याबद्दल शंका नाही. म्हणजे ‘तान’ दोन वेगळ्या उत्तरपदांसोबत येतं, एकदा ‘सा’, एकदा ‘शेत’. शब्दाचा तुकडा दोन ठिकाणी सुटा सापडला की तो खरा तुकडा आहे, हा भाषाशास्त्रातला साधा नियम. आता अडचण पुन्हा रोमन पाटीची. रेल्वे तानशेतचं स्पेलिंग ‘थ’नं सुरू करते. ते खरं मानलं तर ‘थान’, म्हणजे देवाचं स्थान, आणि गावाचं नाव तानसा नदीपासून तुटून थेट ठाण्याशी नातं सांगू लागतं. एका रोमन अक्षरानं गावाचं कुळ बदलतं. इथे मी पाटीवरच्या देवनागरीवर आणि लोकांच्या तोंडावर विश्वास ठेवीन. रोमन लेखनात ‘त’ आणि ‘थ’ यांची अदलाबदल इतकी झालेली आहे की त्यावर व्युत्पत्ती उभी करणं धोक्याचं.

मुंबईत मात्र ‘तानसा’ शब्दाचा अर्थच बदलला. विद्याविहार, घाटकोपर, मुलुंडकडच्या कित्येकांसाठी तानसा म्हणजे नदी किंवा तलाव नव्हे, तर पाइपलाइन. अजस्र काळे नळ, त्यांना लागून झोपड्या, आणि ‘तानसा पाइपलाइन’ हा पत्ता. २०१७च्या सुमारास न्यायालयाच्या आदेशानंतर या जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबं हलवली गेली आणि त्यांतल्या पुष्कळांना चेंबूरजवळच्या माहुलला पाठवलं. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरामुळे त्यांचे हाल झाले आणि पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. जंगलातल्या एका नदीचं नाव शहरात विस्थापितांच्या पत्त्यात जगतं, हा शब्दार्थाचा प्रवास कोशात येत नाही. यायला हवा. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ची नवी पुरवणी कधी निघाली तर ‘तानसा’खाली हा अर्थ नोंदवावा असं मला मनापासून वाटतं.

शेजारच्या मुरबाडकडे रूळ आजही पोचलेले नाहीत. तिकडे जुनी वाट आहे. ती वाट म्हणजे नाणेघाट. सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली गुहा आणि माथ्यावरचा दगडी रांजण प्रसिद्ध आहेत. जकातीची नाणी त्या रांजणात टाकत म्हणून नाणेघाट, असं शाळेपासून सांगितलं जातं. जुने इंग्रज लेखक ‘नाना’ लिहितात आणि शेजारच्या सुळक्याला नानाचा अंगठा म्हणतात, म्हणजे ‘ण’ की ‘न’ हा वाद नकाशात आधीपासून आहे. पायथ्याचं गाव वैशाखरे. ‘वैश्यगृह’, व्यापाऱ्यांचं घर, असा त्याचा उलगडा अभ्यासकांनी केला आहे. हजारो वर्षांच्या व्यापारी वाटेच्या तोंडाशी असं नाव असणं मला पटतं. इथे अर्थ ध्वनीबरोबरच जागेनंही सिद्ध होतो.

या सगळ्या मुलखाला एक जुनं नाव होतं, कोळवण, म्हणजे कोळ्यांचं वन. शहापूरच्या आधी तालुक्याचीही ओळख या नावानं होती. महादेव कोळ्यांचं जव्हारचं राज्य, १६७२ साली शिवाजी महाराजांनी घेतलेलं जव्हार आणि रामनगर, हे सारं याच पट्ट्यात. कचेरीचं गाव बदललं, नाव बदललं, आणि कोळवण फक्त दफ्तरात राहिलं. ‘शहापूर’ हे फारसी शाह आणि संस्कृत पुर यांचं जोडनाव हिंदुस्थानभर डझनांनी सापडतं. कोळवण तसं नव्हतं. ते या मातीचं, इथल्या माणसांचं नाव होतं.

भूमापनाच्या ४७-ई क्रमांकाच्या नकाशावर हा सगळा प्रदेश येतो. त्यावर रूळ, धरणाची भिंत, जलवाहिनी, किल्ला ठसठशीत आहेत. पाडे बारीक अक्षरांत, आणि अनेक नाहीतच. पाडा हा शब्द ‘पाटक’पासून, म्हणजे गावाचा भाग, महसुली गावाच्या पोटात बसवलेला, स्वतःचा क्रमांक नसलेला. साकडबावसारखं नाव मोठं गाव म्हणून टिकलं. ‘बाव’ म्हणजे विहीर, ‘वापी’पासून, आणि ‘साकड’ मला ‘संकट’चं वाटतं, ज्याचा मूळ अर्थ अरुंद. अरुंद विहिरीचं गाव. पाण्याची अडचण दोन शब्दांत बसवणारी माणसं इथे राहत होती. अशी नावं पाड्यापाड्यांवर असणार.

आता ती लिहिली जाऊ लागली आहेत. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. २०१४च्या महाराष्ट्र पेसा नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येतं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करताना ग्रामसभेला हद्दीची वर्णनं लिहावी लागतात : कुठला ओहळ, कुठला दगड, कुठलं झाड, कुठला देव. रेल्वेनं नावं तिकिटासाठी लिहिली, महसुलानं सारा वसूल करायला, महापालिकेनं पाण्यासाठी. हे कागद पहिल्यांदाच तिथे राहणाऱ्यांच्या हातून, त्यांच्या उच्चारानं उतरत आहेत. ते भरताना तलाठ्यानं किंवा कार्यकर्त्यानं नाव ‘शुद्ध’ करू नये. तान म्हटलं तर तान लिहावं, बाव म्हटलं तर बाव, आणि ओहळाला तिथल्या म्हातारीनं दिलेलं नाव जसं ऐकू येईल तसं.